पाटीला वैशाखाचा शेक

अकोल्याचा मोतीराम खंडारे दारावरच्या पाट्या करून द्यायचा, पण फक्त उन्हाळ्यात. तुम्ही श्रावणात त्याच्याकडे गेलात आणि म्हणालात, की आम्हाला त्या प्लास्टिकच्या काचेची पारदर्शक पाटी हवी, तर तो चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, चैत्रात या. दिवाळीत गेलात तरी चैत्रात या. एकदा बदलून आलेल्या एका साहेबाने चपराशाबरोबर निरोप धाडला, की पाटी आठ दिवसांत झाली पाहिजे. मोतीरामने उलटा निरोप दिला, की साहेबाला म्हणावं सूर्यनारायणाला एक अर्ज करा, माझी काही हरकत नाही. साहेबाची पाटी उन्हाळ्यात झाली, तोवर त्याची दुसरीकडे बदली झाली होती. पण पाटी अशी झाली होती म्हणतात, की साहेबाने ती माणूस पाठवून मागवून घेतली.

लोक म्हणायचे, मोतीरामचं डोकं उन्हाने चळलं आहे. त्यात अर्धं खरं होतं. उन्हाचा संबंध होता, डोक्याचा नव्हता. हे सगळं सुरू झालं एकोणीसशे पासष्ट सालच्या वैशाखात, आणि त्याला कारणीभूत झाल्या कुरडया. थांबा, सगळं सांगतो.

मोतीरामचा मूळ धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. लग्नात आहेर म्हणून दिलेल्या परातीवर, तांब्यावर, गंगाळावर देणाऱ्याचं नाव पाहिजेच. नाहीतर पुढे दहा वर्षांनी मामाची परात कोणती आणि आत्याची कोणती, यावरून भांडणं कोण सोडवणार? खुशालरावांच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर ओट्यावर तो बसायचा. मांडीवर भांडं, डाव्या हातात बारीक छिन्नी, उजव्या हातात बोटभर हातोडी. टिक टिक टिक टिक. दुकानातून भांडं निघालं, की ओट्यावर थांबून नाव घेऊनच घरी जायचं. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, पण अक्षर असं की हेडमास्तरांनी लाजावं. त्याला एकच गर्व होता आणि तो दिवसातून दोनदा बोलून दाखवायचा: तीस वर्षांत आपल्या हातचं एकही भांडं परत आलं नाही.

आता देवमन तेलगोट्याचं सांगायला हवं. देवमन त्याचा लंगोटीयार. जिनात कापसाच्या गाठी वाहायचा. लग्न झालं तेव्हा देवमनने हौसेने पितळेचा एक गुंड घेतला, म्हणजे पाणी भरायची मोठी घागर, आणि मोतीरामच्या मांडीवर आणून ठेवला. म्हणाला, मायं नाव घाल, असं घाल की आंधळ्यालेही वाचता आलं पायजे. मोतीरामने त्या एका नावावर अख्खी दुपार घातली. खोल, ठसठशीत चार अक्षरं आणि मात्रा. देवमनची बायको मैनाबाई तो गुंड रोज राखेने घासायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिची बोटं रोज त्या नावावरून जायची. त्यांची पोरगी पंचफुला रांगायला लागली तशी त्याच गुंडाला धरून उभी राहायला शिकली, आणि पुढे पहिलं अक्षरही त्यावरच शिकली. ती हुशार निघाली. इतकी हुशार, की नागपूरला डॉक्टरकी शिकायला निघाली आणि घरातलं जे जे विकण्यासारखं होतं ते विकलं गेलं. गुंडही गेला. मोडीत गेलेल्या भांड्यावरचं नाव भट्टीत जातं, ते कोणी काढून परत देत नाही.

पोरगी तिसऱ्या वर्षाला असताना देवमन आजारी पडला. शेवटच्या दिवसांत मोतीराम त्याच्या उशाशी बसलेला असायचा. एक दिवस देवमन म्हणाला, "गुंडावरचं नाव गेलं गड्या. आता पोरीच्या दारावर घाल."

मोतीराम म्हणाला, "घालीन."

एवढंच बोलणं झालं. पण मोतीरामसारख्या माणसाला तेवढं पुरे होतं.

पासष्ट साली पंचफुला डॉक्टर झाली. अमरावतीला दोन खोल्या घेतल्या आणि वैशाखी पौर्णिमेला, बुद्धजयंतीच्या दिवशी, दवाखाना उघडायचं ठरवलं. चैत्र निम्माही सरला नव्हता तेव्हा ती अकोल्याला मोतीरामकडे आली. पिशवीतून तिने तपकिरी कागद चिकटवलेल्या तीन पाट्या काढल्या. मुंबईहून एका मैत्रिणीने आणून दिल्या होत्या. कागद सोलला तर आत काच! पण काच नव्हे, हलकी, बोटाने वाजवली तर ठक्क वाजणारी. पंचफुला म्हणाली, याला ॲक्रिलिक म्हणतात. मोतीरामने त्या नावाच्या वाटेला न जाता त्याला प्लास्टिकची काच म्हणायचं ठरवलं. मग त्याने विचारलं, की पितळेची पाटी काय वाईट होती? सगळे डॉक्टर, सगळे वकील पितळेचीच लावतात.

पंचफुला म्हणाली, "पितळेची घासावी लागते काकाजी. माह्या आईनं आता काही घासायचं नाही."

तीन पाट्या मोतीरामने छातीशी धरल्या, आणि म्हणाला, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घेऊन येतो. एक पुरे होईल, बाकीच्या दोन परत देईन. हे दुकानातल्या सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाला.

पहिल्या पाटीचा निकाल पाच मिनिटांत लागला. तीस वर्षांची सवय हाताला. त्याने पाटी मांडीवर घेतली, छिन्नी टेकवली आणि टिक केलं. तिसऱ्या ठोक्याला पाटीचे दोन तुकडे झाले. खुशालराव गल्ल्यावरून म्हणाले, परत देतो म्हणाला होतास ना, तर आता तीनच्या चार झाल्या. मोतीरामने घरी येऊन एक पोलादी टोच्या घासून घासून चांगला तीक्ष्ण केला, हातोडी बाजूला ठेवली आणि त्या दोन तुकड्यांवर हाताच्या जोरावर कोरायला शिकला. ठोकायचं नाही, कोरायचं. आठ दिवस गेले. दोन्ही तुकडे अक्षरांनी भरून गेले, आणि अक्षर असं उमटायला लागलं की पितळेवर कधी उमटलं नव्हतं.

मग दुसरी पाटी घेतली. डॉ. कु. पंचफुला देवमन तेलगोटे, एम.बी.बी.एस. चार दिवस मान मोडून काम केलं. अक्षरांत निळा रंग भरला. रंग वाळला. आता वरवरचा रंग पुसायचा. भांड्यावरच्या नावात लाख भरली की तो शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवायचा, मग भांडं लखलखायचं. तसाच फिरवला.

पाटी लखलखली. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत पंचफुलाच्या 'प'च्या काठातून एक केस निघाला. केसासारखी बारीक रेघ. मोतीरामला वाटलं बोळ्यातला धागा आहे, त्याने फुंकर मारली. धागा उडाला नाही. दुसरा निघाला, तिसरा निघाला. प्रत्येक अक्षराच्या काठातून बारीक बारीक तडे फुटत गेले, आणि तंबाखू चोळून होईपर्यंत सबंध नावावर कोळ्याचं जाळं पसरलं. पाटी फुटली नव्हती. फुटली असती तर बरं, असं तिचं रूप झालं होतं. तीस वर्षांत मोतीरामच्या हाताने असं कधी झालं नव्हतं.

उरली एक पाटी आणि वीस दिवस.

आता सल्ला देणारे आले. अकोल्यात कशाचाही दुष्काळ पडेल, सल्ल्याचा पडणार नाही. त्यांचा म्होरक्या शेजारचा घड्याळजी नत्थुजी. नत्थुजीला जगातली प्रत्येक गोष्ट ठाऊक होती, फक्त घड्याळ तेवढं वेळेवर दुरुस्त करता येत नव्हतं. त्याने डोळ्याला भिंग लावून तडे पाहिले आणि सांगितलं, की हे उन्हामुळे. प्लास्टिकला गर्मी सोसत नाही. त्याने एकदा फणी स्टोव्हजवळ ठेवली होती तर तिची जिलबी झाली. हे मुंबईचं, समुद्राच्या वाऱ्यात वाढलेलं. त्याला वऱ्हाडातला वैशाख कसा झेपावा? थंडाव्यात ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पटण्यासारखंच होतं ते. आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस असो की दही, जपायचं म्हणजे थंड ठेवायचं.

झालं, मोतीरामच्या घरी त्या पाटीचे जावयासारखे लाड सुरू झाले. माठाखाली ओल्या फडक्यात पाटी. तिच्याजवळ वाळ्याची जुडी. पहाटेच्या गारव्यात तेवढी बाहेर काढायची, दोन अक्षरं कोरायची आणि ऊन चढायच्या आत पुन्हा माठाखाली. शिकाऊ तुकड्यांतला एक तुकडाही त्याने तिला सोबत म्हणून तिथेच ठेवला. त्याची बायको चतुराबाई हे बघून बघून वैतागली. पंचेचाळीस डिग्रीत ती चुलीपुढे बसलेली, तिला कोणी वाळ्याची जुडी दिली नव्हती. तिने ते बोलूनही दाखवलं. मोतीरामने ऐकू न आल्याचं दाखवलं.

पाटी कोरून झाली, वरच्या कोपऱ्यांना खिळ्यांची भोकंही पाडून झाली. पौर्णिमेला सहा दिवस राहिले. रंग भरायचा बाकी होता आणि मोतीरामचा हात पुढे होईना. आधी तुकड्यावर करून पाहू, म्हणून त्याने माठाखालचा तुकडा काढला आणि त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला. तडे! तसेच, केसासारखे. इतका थंडावा, इतके लाड, आणि तरी तडे.

दुसरा तुकडा कुठे आहे? तो शोधायला लागला. चतुराबाईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, वर टिनावर आहे.

झालं होतं असं, की पंधरा दिवसांपूर्वी तिने गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या. टिनाच्या छपरावर लुगडं पसरून त्यावर कुरडया, वरून दुसरं फडकं, आणि फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून वजन पाहिजे. तो तुकडा बेकार पडलेला दिसला, तो तिने ठेवला. रोज संध्याकाळी कुरडया गोळा करून वर गोधडी झाकायची, त्यात तुकडाही झाकला जायचा. मोतीरामने कपाळावर हात मारला. अकोल्याचं वैशाखाचं टीन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर कावळा बसत नाही. तिथे पंधरा दिवस प्लास्टिक? तो शिडी चढून गेला तेव्हा जिलबी बघायला मिळणार अशीच त्याची खात्री होती.

तुकडा जसाच्या तसा होता. सरळ, स्वच्छ, फक्त चटका बसेल इतका गरम. मोतीरामने तो गोधडीत गुंडाळला, निवायची वाट पाहत तास दीड तास बसला, आणि मग त्यावर स्पिरिटचा भिजलेला बोळा फिरवला. तंबाखू चोळली. खाल्ली. थुंकून आला. पुन्हा फिरवला. एकही तडा नाही. चष्मा काढून, चष्मा लावून, उजेडात धरून, तिरपा करून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

तो तिथेच शिडीच्या पायरीवर बसला, आणि त्याला खुशालरावांच्या दुकानामागचा तांबट आठवला. तांबट भांडं ठोकतो, ठोकतो, आणि मग मध्येच भट्टीत घालून तापवतो. काहून? तर मार खाऊन खाऊन पितळ आतून ताठरतं. तापवून हळूहळू निवू दिलं की त्याचा ताठा जातो. तसं केलं नाही तर पुढच्या ठोक्याला भांडं फाटतं. हे मोतीरामने जन्मभर पाहिलं होतं, त्याच्या बापानेही पाहिलं होतं. या प्लास्टिकलाही टोच्याने कोरताना मार बसलेलाच. वरून दिसत नाही, पण आत ताण धरून बसलेलं असतं. स्पिरिट लागलं की तो ताण फुटून बाहेर येतो. त्याला थंडावा नको होता, शेक पाहिजे होता. आणि आपण त्याला वाळ्याचा वारा घालत बसलो! मोतीरामला स्वतःचा असा राग आला, आणि लगेच हसूही आलं.

पण तुकडा वेगळा आणि शेवटची पाटी वेगळी. ही वाकली, वितळली, तर देवमनला दिलेला शब्द गेला. दुसरी पाटी मुंबईहून यायला दिवस नव्हते. नत्थुजीला कळलं तसा तो धावत आला आणि म्हणाला, वेडेपणा करू नको, पितळेची करून दे. खुशालराव म्हणाले, मी पत्रा फुकट देतो. मोतीराम रात्रभर तळमळला. सकाळी उठला, बिस्किटांचा पत्र्याचा चपटा डबा घेतला, तळाशी सपाट फळी घातली, फळीवर सुती फडकं आणि त्यावर पाटी ठेवली, झाकण लावलं आणि शिडी चढला.

तीन दिवस पाटी टिनावर होती. दिवसभर डबा तापायचा. दिवस बुडाला की मोतीराम त्यावर दोन गोधड्या घालायचा, कडा नीट खोचायचा, म्हणजे आतली धग एकदम निघून जाऊ नये. वस्तीत चर्चेला दुसरा विषय राहिला नाही. वैशाखात, माणसं अंगावरचा सदरासुद्धा काढून झोपतात त्या दिवसांत, हा माणूस डब्याला गोधड्या पांघरतो. कोणी विचारलं, पाटीला थंडी वाजून राहिली का? मोतीराम म्हणायचा, हो, बाळंतीण आहे. चतुराबाईने मात्र या वेळी एक शब्द काढला नाही. आपल्या गोधड्या तिने आपण होऊन काढून दिल्या होत्या.

चौथ्या दिवशी पहाटे डबा उघडला. पाटी सरळ होती. रंग भरला, वाळू दिला, आणि स्पिरिटची बाटली तर उचलून पलीकडच्या खोलीत ठेवली. तुकड्यावर प्रयोग ठीक आहे, पण देवमनच्या नावाशी खेळ नको. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून त्याने वरचा रंग हलक्या हाताने पुसला. पाटी अशी झाली की हातात धरली तर नावच हवेत तरंगताना दिसावं.

दुसऱ्या दिवशी मोतीराम, चतुराबाई आणि मैनाबाई आगगाडीने निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलली. कापसात गुंडाळलेली पाटी मोतीरामच्या मांडीवर, आणि अख्ख्या प्रवासात त्याने मांडी बदलली नाही. उतरताना पाय इतके बधिर झाले होते की चतुराबाईला त्याला धरून उतरवावं लागलं.

पौर्णिमेच्या सकाळी दवाखान्याच्या दारावर पाटी लागली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती, त्रिशरण पंचशील झालं, पेढे वाटले गेले. मोतीराम एका बाजूला उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटीपासून हात लांब ठेवा म्हणून सांगत होता. पण मैनाबाईला कोण सांगणार? ती सकाळपासून पाहुण्यांसाठी भजी तळत होती, तशीच पदराला हात पुसत बाहेर आली आणि पाटीपुढे उभी राहिली. सगळे वाचून दाखवायला पुढे झाले. तिने कोणाचं ऐकलं नाही. बोट उचललं आणि पहिल्या अक्षरापासून हळूहळू फिरवत निघाली. पोरीच्या नावावरून बोट गेलं. मधल्या शब्दावर आलं आणि थांबलं. मागे गेलं. पुन्हा त्याच अक्षरांवरून आलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे त्याइचं नाव होय. आपल्या गुंडावरचं."

मोतीरामने नुसती मान हलवली. पंचवीस वर्षं रोज घासलेलं नाव. तिच्या बोटांनी ते ओळखलं होतं. चतुराबाई पदराने डोळे पुसत होती, आणि सगळे तिकडेच बघत होते, म्हणून पुढे जे झालं ते मोतीरामच्या जरा उशिरा लक्षात आलं. मैनाबाईच्या बोटाचं तेल देवमनच्या नावावर लागलं होतं. पंचफुलाने ते पाहिलं. डॉक्टर बाई, हाताशी कापूस, हाताशी बाटली. तिने सवयीने बोळा बुडवला आणि मोतीरामच्या नाकात स्पिरिटचा वास शिरेपर्यंत बापाच्या नावावरून खसखसून फिरवला होता.

मोतीराम पुढे झाला आणि पाटीला नाक लावून उभा राहिला. लोक पेढे खात होते. कोणी तरी त्याला सरबत देऊन गेलं, ते त्याने न बघताच हातात धरलं. 'द'चा काठ. मात्रा. 'व'. 'म'. 'न'. त्याने मनातल्या मनात तंबाखू चोळली, खाल्ली, थुंकून आला. केस निघाला नाही. पाटी हवेसारखी स्वच्छ होती. तेव्हा कुठे त्याने सरबताचा घोट घेतला, आणि पंचफुलाला असं झापलं की पहिल्याच दिवशी डॉक्टर बाईंना सगळ्यांसमोर कान पकडावे लागले. पाटीले रिठ्याचं पाणी, दुसरं काही नाही! मागून चतुराबाई म्हणाली, की कुरडयांचंही नाव कुठे तरी घाला आता.

त्यानंतर मोतीरामच्या पाट्यांचं नाव झालं. दर उन्हाळ्यात त्याच्या टिनावर डबे लागायचे आणि शेजारी कुरडया. श्रेय कोणाचं, यावर त्या घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

अमरावतीच्या त्या पाटीला एकही तडा गेला नाही. पण दर वैशाखात मोतीरामला आगगाडीने तिकडे जावंच लागायचं. मैनाबाईने काही घासू नये म्हणून पोरीने ती पाटी आणवली होती, आणि मैनाबाई रोज सकाळी रिठ्याच्या पाण्याने ती पुसायची. मधला शब्द जरा जास्तच. वर्षभरात तेवढ्याच शब्दाचा रंग उडालेला असायचा. मोतीराम दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या एका शब्दात पुन्हा निळा रंग भरायचा, मैनाबाईने केलेला चहा प्यायचा, आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परत यायचा.